जुनं रेकॉर्ड बुडवायचंय? मग हे वाचाच

परवा तिसऱ्यांदा तालुक्याला जाऊन आलो. कुठला तालुका ते विचारू नका, पुढच्या कामाला परत तिथेच जायचंय. पणजोबांच्या नावचा कूळ कायद्यातला फेरफार हवा होता, म्हणजे कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाल्याची नोंद, १९५७ च्या आगेमागेची. रेकॉर्ड रूममधल्या माणसाने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "काका, तो बस्ता एकवीसच्या पुरात गेला." म्हटलं ठीक आहे, पूर काय कोणाच्या हातात आहे. पायऱ्या उतरताना आठवलं की हाच कागद मागायला मी २०१८ ला पण आलो होतो आणि तेव्हाही मिळाला नव्हता. तेव्हा कारण वाळवी होती. म्हणजे आधी कागद वाळवीने खाल्ला आणि मग वाळवी पुरात गेली, असं काहीतरी झालं असणार.

तर मंडळी, एवढ्या हेलपाट्यांवर मला आता या विषयात बोलायचा अधिकार आलाय. तुमच्या ताब्यात कुठलंही जुनं दप्तर असेल, ग्रामपंचायतीचं, शाळेचं, सोसायटीचं, देवस्थानचं, तर ते रीतसर कसं बुडवायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी जागा. तळमजला, आणि तळमजल्यावरही नदीकडची खोली. वरच्या मजल्यावर साहेबांची केबिन, मीटिंग हॉल आणि बंद पडलेले प्रिंटर. प्रिंटर भिजता कामा नयेत, त्यांचं निर्लेखन, म्हणजे कागदोपत्री मोडीत काढणं, व्हायचंय.

मग मांडणी. अ वर्ग म्हणजे कायम जपायचे कागद आणि ड वर्ग म्हणजे वर्षभराने रद्दी, एवढं तुम्हाला माहीत असेलच. अ वर्ग एकदम खाली टाका, जड असतो. ड वर्ग वर, हाताशी. खालची फळी जमिनीपासून निदान अर्धा फूट वर असावी असं या विषयातले जाणकार सांगतात, पण अर्ध्या फुटाने काय होतंय, आपल्याकडे पाणी आलं की पंख्यापर्यंत येतं, त्यामुळे फळीचा खर्चच नको. फरशीवर ठेवा.

यादी करू नका. यादी असली की काय गेलं ते कळतं.

स्कॅनिंग मात्र जरूर करा, फोटो काढून पेपरात द्या, आणि ती हार्ड डिस्क त्याच खोलीत त्याच कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. स्कॅन करताना पान धरणाऱ्याचा अंगठा बरोबर हिस्सा नंबरवर आला पाहिजे. माझ्याकडे असं एक पान आहे, नंबर दिसत नाही पण अंगठा इतका सुरेख आलाय की रेषा मोजून घ्या.

पावसाआधी काहीही तयारी करायची नाही. २६ जुलै २००५ ला महाड-चिपळूण बुडालं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीची कौलं-पत्रे नेले, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं, आणि २२ जुलै २०२१ ला परत चिपळूण, खेड, महाड पाण्यात. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, त्याच्या पुस्तकांनी हे पाणी २००५ ला पण प्यायलं आणि २०२१ ला पण. तरी पंचनाम्यात शब्द एकच, 'अचानक'.

आगीचं जास्त मनावर घेऊ नका. २१ जून २०१२ ला खुद्द मंत्रालय जळलं, तुमच्या वायरिंगचं काय घेऊन बसलात.

आता मुख्य विषय, पाणी ओसरल्यावर काय करायचं. आपल्या उकाड्यात ओला कागद साधारण ४८ तासांत बुरशी धरतो. म्हणून हे ४८ तास नीट वाया घालवायचे. खोलीला कुलूप लावा आणि पंचनाम्याची वाट बघा. कोणीतरी येईपर्यंत पाच दिवस जातात, तोवर आत हिरवी, काळी, पिवळी बाग फुललेली असते. मग गठ्ठे उचलून व्हरांड्यात टाका आणि ऊन पडलं की वाळवा. जुलैत. कोकणात. शिपायाच्या हातात एक स्टीलची पट्टी द्या, चिकटलेली पानं सोडवायला.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. पुरानंतर आठवड्याने दुसऱ्याच कामाला गेलो होतो. लाल रुमालात बांधलेला बस्ता सोडला तर आत जांभ्याच्या चिऱ्यासारखा नुसता ठोकळा. रुमालाचा लाल रंग कडेने आत उतरलेला, जांभळा शिक्का फुटून पानभर पसरलेला, जांभूळ ठेचल्यासारखा, आणि फाउंटन पेनची निळी अक्षरं अशी धुऊन गेलेली की फक्त छापील रेघा शिल्लक. शिपायाने पट्टी घातली, कर्रर्र झालं, अर्धं पान हातात आलं आणि अर्धं खालच्या पानाला चिकटून राहिलं. हातातल्या तुकड्यावर 'बिन धोंडू' एवढं वाचता येत होतं. बापाचं नाव राहिलं, मुलाचं गेलं. त्याने तो तुकडा बाजूच्या ढिगावर टाकला आणि पट्टी पुसून परत घातली. त्याला तरी काय बोलणार, त्याला कोणी कधी सांगितलंच नाही की ओला गठ्ठा उलगडायचा नसतो.

उलगडायचा नसतो! तसाच क्रेटमध्ये सैल भरायचा आणि गोठवायचा. गोठला की बुरशी थांबते, महिनोन् महिने वेळ मिळतो, मग सवडीने थोडा थोडा बाहेर काढून सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरे कागद घालून वाळवा. अमेरिकेत १९७३ ला सेंट लुईसला सैनिकांच्या नोंदींचं ऑफिस जळलं, दीड कोटीच्या वर फायली गेल्या, पण आग विझवताना भिजलेल्या ज्या हाती लागल्या त्या लोकांनी दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरून विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या निर्वात चेंबरमध्ये नेऊन वाळवल्या. दुधाचे क्रेट! आपल्याकडे बंदरावर मासळीच्या क्रेटचे ढीग पडलेत, बर्फाचे कारखाने आहेत, मासळी गोठवायचे प्लांट आहेत, आणि २०२१ ला मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत होती म्हणजे पुराच्या आठवड्यात त्या प्लांटमध्ये नवीन मासळी कितीशी येत असणार! वीज नव्हती म्हणाल तर तिथे जनरेटर असतो. एक फोन नंबर आधी भिंतीवर लिहून ठेवायचा होता हो, एक फोन नंबर. सुरमई दोन तास बर्फाबाहेर राहिली तर इथे आई-माईचा उद्धार होतो, आणि अख्ख्या तालुक्याच्या जमिनी ज्यावर लिहिल्यात ते कागद आठवडाभर चिखलात, आणि एकाही शहाण्याला बर्फ आठवत नाही.

असो. शेवटची टीप, उत्तर कसं द्यायचं. 'हरवला' कधीही लिहू नका. 'सदर अभिलेख आढळून येत नाही' असं लिहा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये रेकॉर्ड बेकायदा नष्ट केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण या वाक्यात कर्ताच नाही, शिक्षा करणार कोणाला?

बास झाली मस्करी. पुराने जे नेलं ते नेलं, त्याबद्दल कोणी तुम्हाला दोष देत नाही. पण जो कागद तुम्ही शोधलाच नाही, जो चुकीच्या बस्त्यात बांधला, जो कोणीतरी चहापाण्यावर काढून नेला, तो प्रत्येक कागद आता त्याच एका पुराच्या नावावर घालताय, लाज वाटत नाही? आणि भिजतात ते बरोबर कुळांचेच कसे भिजतात? मुंबईहून जमिनी घ्यायला येतात त्यांच्या फायलीला कधी पाणी लागल्याचं ऐकलं नाही. हायवेचा मोबदला, वाटणीचा दावा, सगळीकडे माणसाला म्हणता पुरावा आण, आणि पुरावा सांभाळायची नोकरी तुमची होती. आपण गाववाले पण काही कमी नाही, ग्रामसभेत स्ट्रीटलाइटवर दोन तास भांडू, पण दप्तर कुठल्या खोलीत ठेवलंय ते आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी पण नाही.

परवा निघताना त्या खोलीत डोकावलो. पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून आहे, माझ्या खांद्याएवढी, रंग मारला तो पण तिच्या वरच मारलाय. आणि वाचलेले बस्ते तिच्या खाली, फरशीवर, नव्या लाल रुमालात. आज वीस मे आहे. पाऊस अठरा-वीस दिवसांवर आलाय. रेघेच्या वर उचला रे ते, निदान रेघेच्या वर तरी.