पाच किलोचा प्रश्न

नाशिकमधे गाडीच्या पार्टबद्दल कुणाला काही विचारू नये. कारण इथं प्रत्येक घरात एक तरी माणूस सातपूर नाहीतर अंबडच्या एमआयडीसीत आहे, किंवा होता, किंवा त्याचा तिथं इंटरव्ह्यू तरी झालेला आहे, त्यामुळे तुम्ही सहज म्हणून विचारलं की "अ‍ॅल्युमिनियमचा प्रोपेलर शाफ्ट टाकावा का हो?" तर समोरचा चहाचा कप खाली ठेवतो, खुर्ची पुढं ओढतो, आणि तुमची संध्याकाळ गेली.

आमची गाडी जुनी, डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी. म्हणजे इंजिन पुढं, ताकद पाहिजे मागं, आणि मधे गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी नळी गरागरा फिरत असते, तोच हा शाफ्ट. इतकी वर्षं तो बिचारा फिरत होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मग २०२५ च्या जूनमधे समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा राहिलेला टप्पा सुरू झाला, आम्ही हौसेनं कसारा घाट टाळून त्यावरून मुंबईला गेलो, लिमिट १२० चं म्हणून जरा दाबली, तर नव्वदच्या पुढं पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. गावात हे कधी कळलंच नसतं. द्वारका ते मुंबई नाका गाडी हलतेय का रस्ता, हे कोण सांगणार?

आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळच्या मिस्त्रीनं खाली घुसून शाफ्ट हातानं हलवला. टक् टक्. "क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे सांधे, गेलेत दोन्ही. नवे टाकू, ग्रीस मारू, बॅलन्सिंग करून आणू, विषय संपला." विषय संपायला खरंच काही हरकत नव्हती. पण त्या रात्री मोबाईलवर बघत बसलो, तर तिकडं अमेरिकेत लोक स्टीलचा काढून अ‍ॅल्युमिनियमचा टाकतात म्हणे, गाडी हलकी, पिकअप वाढतो, आणि माझ्या डोक्यात ते वाक्य आलं जे मध्यमवर्गीय माणसाच्या डोक्यात कधीच येऊ नये: नाहीतरी खोलतोच आहे, तर मग...

पुण्यात एक जण ऑर्डरनं बनवून देतो असं कळलं. फोन लावला. "मेजरमेंट पाठवा, पाच किलो तरी वाचतील," आणि मग त्यानं रेट सांगितला. फोन स्पीकरवर होता आणि बायको समोर मेथी निवडत होती.

"अहो, पाच किलोचे एवढे?"

एवढंच बोलली. पुढची अख्खी जुडी निवडून होईपर्यंत शब्द नाही.

शेजारचे म्हणाले, मी पण टाकतो माझ्या गाडीला, आपण दोघं मिळून डिस्काउंट मागू. त्यांची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, तिला हा शाफ्टच नसतो, हे त्यांना पटवायला मला बॅटरी घेऊन त्यांच्या गाडीखाली झोपावं लागलं, तरी त्यांना आपल्याला कंपनीनं फसवल्यासारखंच वाटत होतं. मेव्हणा वकील, त्यानं १९८८ चा मोटार वाहन कायदा काढला, कलम ५२, आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. म्हटलं आरसीवर शाफ्ट कुठाय? म्हणे अनलेडन वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, आहे ना, ते पाच किलोनं बदलेल. हा माणूस कोर्टात जिंकतो कसा ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटी गेलो सासरेबुवांकडे. टूलरूममधून रिटायर झालेत आणि अंबडला छोटं लेथचं शॉप चालवतात. जावयाला मूर्ख म्हणता येत नाही म्हणून ते फिजिक्स सांगतात. "जावईबापू, अ‍ॅल्युमिनियम वजनाला स्टीलच्या तिसरा हिस्सा, मान्य. पण ताठपणालाही तिसराच हिस्सा. मग नळी जाड करा, डायमीटर वाढवा, वाचवलेल्यातलं बरंच वजन तिथंच परत आलं. आणि वेल्डिंग केलं की त्या जागी ते नरम पडतं." म्हटलं, मग लोक टाकतात कशाला? तर लांब नळी फार वेगात फिरली की मधून बाक धरते आणि उडी मारायच्या दोरीसारखी फिरते, ते टाळायला मोठ्या डायमीटरची नळी लागते आणि एवढी मोठी नळी हलकी ठेवायची तर अ‍ॅल्युमिनियम बरं, म्हणून रेसवाले टाकतात. "तुमचं डिझेल तीन हजाराच्या वर जातं का कधी? चौथ्या गिअरला शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. स्टीलच्या नळीला त्याचं काही नाही."

मग त्यांनी मला ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत बसवलं, दोन्ही हातात ऑइलचे एकेक लिटरचे डबे दिले, "छातीशी धरा" म्हणाले आणि ढकललं. भुर्रकन फिरलो. "हा शाफ्ट. आता हात लांब करा." परत ढकललं, तर खुर्ची हलेना, शॉपमधला पोरगा पण जोर लावायला आला. "ही चाकं." तिसऱ्या फेरीला खुर्चीसकट लेथखालच्या लोखंडाच्या किसात गेलो असतो.

पण मीही अभ्यास करून गेलो होतो. म्हटलं, "शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगात फिरतो त्याचं काय?"

"चार चोक सोळा," सासरेबुवा म्हणाले. "वेगाचा वर्ग होतो, शाफ्टच्या बाजूनं सोळा पट धरा. पण नळी मध्यापासून चार सेंटीमीटरवर, टायर तीस-पस्तीसवर. आठ पट लांब, त्याचाही वर्ग. आठ आठे चौसष्ट, चाकाच्या बाजूनं. वर टायर जड, आणि तेही चार. चिंता करायची तर चाकांची करा."

बरं. क्रॉस बदलले, बॅलन्सिंग झालं, स्टीलचाच शाफ्ट परत चढला, गाडी आता ११० ला गुपचूप जाते आणि पुणेवाल्याचे मेसेज मी बघत नाही. फक्त ते चाकांचं वाक्य डोक्यातून जाईना. सोळाला चौसष्ट, आणि तेही चार चाकं! परवा सासरेबुवांना फोन करून अलॉय व्हीलचं विचारलं, तर म्हणाले, अलॉय म्हणजे हलकं असतंच असं नाही, आधी वजन करावं लागेल, रविवारी एक चाक काढून घेऊन या, मी काटा आणून ठेवतो.

बायकोला सांगितलंय, तुझ्या बाबांनी जेवायला बोलावलंय.