कक्षेतली गर्दी आणि आपली तटस्थता

भारताने २७ मार्च २०१९ रोजी मायक्रोसॅट-आर हा स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला आणि ‘नासा’ने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या आप्तांशी या विषयावर वाद झाला की तो एकाच जागी येऊन अडतो: अमेरिकेने १९८५ साली हेच केले, चीनने २००७ मध्ये याहून वाईट केले, मग उपदेश आम्हालाच का? मुद्दा खोटा नाही. चीनच्या चाचणीचे हजारो तुकडे सुमारे ८५० किलोमीटर उंचीवर विखुरले. आपली चाचणी ३०० किलोमीटरच्या आसपास झाल्याने बहुतेक तुकडे लवकर जळून गेले. तरीही काही तुकडे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्याही वर फेकले गेले, आणि ४५ दिवसांत सारे तुकडे जळून जातील हा सरकारी अंदाज त्यांनी काही पाळला नाही.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये राहताना हा विषय वेगळ्या अंगाने कळतो. तुकडा कोणाचा, याने ‘नासा’च्या इथल्या नियंत्रण कक्षाचे काम बदलत नाही. स्थानकाभोवती सुमारे ५० किलोमीटर लांब, तितकीच रुंद आणि जेमतेम चार किलोमीटर जाडीची काल्पनिक पेटी आखलेली असते. तिच्यात काही शिरणार असे दिसले की टकरीची शक्यता मोजतात, आणि ती दहा हजारांत एकापेक्षा जास्त भरली तर इंजिने चालवून स्थानकाची कक्षा बदलतात. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी एवढी सवडच मिळाली नाही. रशियाने कॉसमॉस-१४०८ हा स्वतःचाच जुना उपग्रह फोडला आणि सातही अंतराळवीरांना परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला. त्यांत रशियाचेच दोघे होते आणि भारतीय वंशाचे राजा चारीही.

इथलेही सगळे कौतुकाचे नाही. स्टारलिंक या अमेरिकी इंटरनेट सेवेच्या उपग्रहांमुळे २०२१ मध्ये चिनी अवकाश स्थानकाला दोनदा बाजूला व्हावे लागले, अशी तक्रार चीनने संयुक्त राष्ट्रांकडे केली, तेव्हा इथे तिच्याकडे राजकारण म्हणूनच पाहिले गेले.

मात्र डिसेंबर २०२२ मध्ये अशा विध्वंसक चाचण्या न करण्याचे आवाहन करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५५ मतांनी संमत केला आणि भारत तटस्थ राहिला, हे मला पटत नाही. एकीकडे २०३५ पर्यंत साधारण आंतरराष्ट्रीय स्थानकाच्याच उंचीवर स्वतःचे स्थानक उभारण्याचा आणि २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचा संकल्प सोडायचा, दुसरीकडे उपग्रह फोडण्याची मुभा राखायची, हे जुळत नाही. क्षमता एकदा सिद्ध झाली आहे. पुन्हा चाचणी न करण्याने ती नाहीशी होत नाही. अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये हाच हिशेब करून तशी घोषणा केली, आणि तो ढोंगीपणा मानला तरी उचलण्याजोगा आहे. आपल्या स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवण्याचे नियोजन आहे. भारताची घोषणा त्याआधी यायला हवी.