दादा, मशीनवर ‘कॅन्सर’ असं लिहून येत नाही, मान्य!

दादा, शेळीचा कॅन्सर आणि सोनोग्राफी यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं की शेळीला कुठं कॅन्सर होतो, झाला तरी सोनोग्राफीत तो कळत नाही, आणि दहा हजाराच्या जनावरावर असला खर्च म्हणजे डॉक्टर लोकांचा नवा धंदा.

मधला मुद्दा एकदम बरोबर. हेडिंग मीच भडक दिलं होतं, लोकांनी वाचावं म्हणून. मशीनवर काय दिसतं तर पाणी काळं, मांस करडं, हाड पांढरं, बास. गाठ भरीव आहे की पातळ, केवढी आहे, कशाला चिकटलीय एवढं कळतं, नाव कळतं ते सुईनं नमुना काढून स्लाइड लॅबला गेल्यावर. नाकातली गाठ तर दिसतच नाही, हाड आडवं येतं. आणि जबड्याखाली, खांद्यापुढं जी गाठ येते ती बहुतेक वेळा गळूच असतं, पण आतला पू इतका घट्ट असतो की स्क्रीनवर भरीव मांस वाटतं, मी स्वतः फसलोय. (ते गळू गोठ्यात ब्लेडनं फोडू नका हो, पू मातीत पडला की जंतू महिनोन्महिने जिवंत राहतात आणि मग बाकीच्या शेळ्यांना सुरू होतं.)

पण शेळीला कॅन्सर होत नाही हे नाही पटलं. आपल्याकडं बोकड वर्ष-दीड वर्षात जातो, शेळी चार-पाच वेतं झाली की बाजार दाखवतात, मग कॅन्सरच्या वयापर्यंत जगतंय कोण? ज्या म्हाताऱ्या होतात त्यांच्यात थायमोमा (छातीत हृदयाच्या पुढं असते त्या थायमस ग्रंथीची गाठ), लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर), गर्भाशयाच्या गाठी सापडतात, आणि पांढऱ्या कातडीच्या शेळ्यांना उन्हानं कातडीचा पण होतो.

मागच्या पावसाळ्यात एका आजींची सानेन क्रॉस (सानेन या दुधाच्या विदेशी जातीचा संकर) शेळी आली होती, नऊ वर्षांची. छातीखाली सूज, सारखं पोट फुगायचं, मानेची शीर दोरीसारखी टरारलेली. सूज बघून दोनदा जंताचं औषध पाजून झालेलं, तिसऱ्यांदा पाजायच्या बेतात होते. नातवाला पुढचा पाय पुढं ओढून धरायला लावला, कोपरामागचे केस काढले, जेल लावून प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) बरगड्यांच्या फटीत टेकवला. एरवी तिथं फुफ्फुसाची पांढरी रेघ श्वासाबरोबर सरकताना दिसते. इथं हृदयाच्या पुढं मुठीएवढी करडी गाठ, मधे मधे काळे खड्डे, आणि हृदय मागं सरकलेलं. बघत बघतच सुई घातली. रिपोर्ट आला, थायमोमाशी जुळणारा. ऑपरेशन आम्ही केलं नाही, तिच्या वयाला आणि आजींच्या खिशाला ते झेपणारं नव्हतं. पण तिसरं औषध वाचलं, इंजेक्शनं वाचली, आणि आजींना कळलं की आपण काही चुकीचं खायला घातलं नव्हतं. पुढचे दीड महिने ती त्यांच्या ओसरीतच होती.

आता खर्चाचं. कॅन्सर शोधायला म्हणून मशीन कोण घेतंय दादा, मी घेतलं ते गाभण तपासायला, दिवसाला पंधरा-वीस शेळ्या त्याच्याच असतात. त्याच प्रोबनं गाठ बघायला वेगळं काय लागतं, जास्तीची दहा मिनिटं आणि लॅबची फी.

आणि तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की तुमच्या एका शेळीला बोकड दाखवून सात महिने झाले, पोट मोठं आहे पण व्यायली नाही, सगळे म्हणतात पोटात गोळा झालाय. अहो, शेळीचे गाभणपणाचे दिवस 150! हा गोळा नसून नुसतं पाणी असायची शक्यता जास्त, खोटी गाभण म्हणतो ती. मशीनवर सगळं काळंशार दिसतं, करडू नाही, वारेची बटणं (वार गर्भाशयाला चिकटते त्या गाठी) नाहीत. तसं निघालं तर बऱ्याचदा इंजेक्शननं पाणी पडून जातं आणि शेळी परत माजावर येते. तोवर खाटकाला दाखवू नका. रविवारी सकाळी घेऊन या, येताना पोटभर चारू नका, आणि कासेपुढची उजवी बाजू तेवढी धुऊन आणा.