बाळ्या, आधी मूर्ती उलटी कर!

थायलंडमधून चोरून नेलेली ‘गोल्डन बॉय’ ही ब्राँझची मूर्ती अमेरिकेतल्या संग्रहालयातून थायलंडला परत गेली तेव्हापासून कट्ट्यावर बँकॉकचं नाव निघालं की वाद ठरलेला. त्यात आता बाळ्याचं तिकीट निघालंय.

“रिव्हर सिटीत जाणार, जुन्या वस्तूंच्या मॉलमध्ये. ब्राँझचा जुना बुद्ध आणणार. भाव कसा पाडायचा ते मला शिकवू नका,” बाळ्या.

“भाव नंतर. आधी मूर्ती उलटी कर,” शालूताई म्हणाल्या. “थाई मूर्ती बहुधा पोकळ ओतलेली असते. आतला मातीचा गाभा ओतताना जळून काळा पडतो आणि बरेचदा आतच राहतो. बुडाकडून टॉर्च मार. लख्ख धातू आणि ग्राइंडरच्या रेघा दिसल्या तर नमस्कार करून पुढे हो. गाभा असेल तर त्या मातीची थर्मोल्युमिनेसन्स चाचणी होते, ती शेवटची कधी तापली ते कळतं.”

“अहो, हिरवा गंज असतो ना वर!”

“गंज रसायनाने हवा तेव्हा चढवता येतो. दुकानदाराला विचारून बुडाशी अ‍ॅसिटोनचा बोळा फिरव. बोळा हिरवा झाला तर तो नुसता रंग. आणि झीज बघ. नाक, गुडघे, जिथे हात लागतात तिथे मूर्ती गुळगुळीत व्हायला हवी. नाकावर आणि खाचेत सारखाच गंज असेल तर ती बादलीतून काढलेली.”

“बुड बघायची सवय असती तर ‘पेशवाई’ समई घरी आली असती का?” अण्णा. जुन्या बाजारातली ती समई, खाली मुरादाबादचा शिक्का.

“ती बायकोने आणली!”

“दिवाळीपर्यंत तूच आणली होतीस.”

शालूताईंनी गाडी रुळावर आणली. “खिसा लहान असेल तर मातीची भांडी बघ. थायलंडच्या सावनखलोकची सेलाडॉन, म्हणजे हिरवट चकचकीत लेपाची, ताटली घेतलीस तर तिच्या बुडाला काळपट गोल वळ असतो, भट्टीतल्या नळीसारख्या आधाराचा. तिथल्याच सुखोथाई गावच्या वाडग्यात आतून पाच डाग, कारण रचताना मधे पाच टोकांची चकती ठेवायचे. दहापट भिंग ने, रंगवलेला वळ त्यात लपत नाही.”

“एवढं पॉश ठिकाण, १९८४ पासूनचं. तिथे चोरीचा माल कसा येईल?” बाळ्याचा मुद्दा म्हणजे संगमरवरी फरशी.

“चोरीच्या मूर्ती विकल्याचा आरोप असलेला व्यापारी लॅचफर्डही बँकॉकमध्येच राहायचा. त्याचे कागद तुझ्या फरशीपेक्षा गुळगुळीत होते. मूर्ती आधी कुणाकडे होती, देशाबाहेर कधी गेली, हे विचार. दुकानदार हसून चहा मागवायला लागला तर उठ.”

बाळ्या गप्प.

“आणि १९६१चा कायदा आहे. बुद्धमूर्ती जुनी असो की नवी, तिथल्या ललित कला विभागाच्या परवान्याशिवाय बाहेर जात नाही. गळ्यातली छोटी तेवढी चालते. वस्तूचे फोटो, पासपोर्टची प्रत, पावती. बरेच दुकानदार अर्ज करून देतात, पण चार-पाच दिवस हाताशी ठेव. तुझं पॅकेज किती रात्रींचं?”

“तीन. त्यात दोन पट्टाया.”

“मग बघून ये. साथोन धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट पकड, सी फ्रायाला उतर, समोरच आहे. जुन्या वस्तू वरच्या मजल्यांवर. लिलावाआधी माल मांडतात तो जवळून बघता येतो. तेवढ्यात डोळा तयार होतो.”

“वहिनींनी काय आणायला सांगितलंय?” अण्णा.

“टायगर बाम. बारा डब्या.”

“घे. त्याला परवाना लागत नाही,” शालूताई म्हणाल्या, आणि बाळ्यासकट सगळे फुटले.