‘आता काही उपयोग नाही’ या संदेशाविषयी खुलासा

कार्बन उत्सर्जन आज थांबले तरी पृथ्वी शतकानुशतके तापतच राहील, म्हणून ओला कचरा जिरवण्याची धडपड व्यर्थ आहे, असा संदेश पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. हे खरे नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले की त्यामुळे होणारी तापमानवाढ जवळजवळ थांबते. वाढत राहते ती समुद्राची पातळी, आणि बहुधा याच दोन गोष्टींची गल्लत झाली असावी. कचरा डेपोत हवेविना कुजणाऱ्या देठा-सालींतून मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू निघतो, जो वातावरणात सुमारे १२ वर्षेच टिकत असल्याने त्यातील घट लवकर जाणवते. सोसायटीच्या खड्ड्यात सालींवर वाळक्या पानांचा थर देऊन ढीग अधूनमधून खालीवर केला, तर मिथेन फारसा तयारच होत नाही. तेव्हा हे काम कृपया थांबवू नये.