साठ टचडाउनचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक जो बरो याच्या कॉलेज कारकिर्दीची एकूण बेरीज ८,८५२ यार्ड आणि ७८ टचडाउन पास. ह्यूस्टन विद्यापीठाच्या केस कीनमची बेरीज १९,२१७ यार्ड आणि १५५ टचडाउन. म्हणजे यार्डांत बरो कीनमच्या निम्म्यालाही पोचत नाही. तरीही कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने खेळलेला सगळ्यात भारी हंगाम कुठला, असं मला विचारलं तर उत्तर एकच: बरो, २०१९, लुइझियाना स्टेट विद्यापीठ. आणि हे मी ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहून म्हणतोय. याच गावातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाने त्याला तीन वर्षं बाकड्यावर बसवलं होतं. इथे हे वाक्य चारचौघांत मोठ्याने बोलायची सोय नाही, म्हणून मराठीत लिहितोय.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डावात चेंडू हातात घेऊन दोन-तीन सेकंदांत निर्णय करणारा माणूस. फेकलेला पास आपल्या माणसाने झेलला तर तो पूर्ण, समोरच्याने झेलला तर इंटरसेप्शन. चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचवला की टचडाउन; पासने तिथवर पोचला तर तो क्वार्टरबॅकच्या नावावर टचडाउन पास. पासने चेंडू जितका पुढे गेला तितके यार्ड. यार्ड, टचडाउन, पूर्ण पासांची टक्केवारी, इंटरसेप्शन हे चार आकडे सगळीकडे छापून येतात. या चारांचा काढा करून कॉलेज फुटबॉलमध्ये एक रेटिंगही काढतात: यार्डांना ८.४ने गुणा, टचडाउनला ३३०ने, पूर्ण पासांना १००ने, त्यातून प्रत्येक इंटरसेप्शनमागे २०० वजा करा आणि सगळ्याला एकूण फेकलेल्या पासांनी भागा. समोर कोण होतं, सामना कितपत अडकला होता, यातलं काहीही त्या सूत्राला कळत नाही.

बरो ओहायोच्या आग्नेय भागातल्या अ‍ॅथेन्स काउंटीतला. वडील जिमी बरो तिथल्या ओहायो विद्यापीठाच्या (हे ओहायो स्टेटहून वेगळं) संघाचे बचावाचे प्रशिक्षक होते. बचाव कसा विचार करतो हे घरातच शिकायला मिळालं असणार, असा माझा आपला अंदाज. ओहायो स्टेटमध्ये तो मुख्य क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेटच्या मागे राहिला, मग २०१७च्या ऑगस्टमध्ये हात मोडला आणि ड्वेन हॅस्किन्स पुढे सरकला. ओहायो स्टेटकडून त्याच्या नावावर ३९ पास, त्यातले २९ पूर्ण, २८७ यार्ड, २ टचडाउन. बस. २०१८च्या मे महिन्यात पदवी घेऊन तो लुइझियानाला निघून गेला.

इथे लोक हमखास म्हणतात, ‘ओहायो स्टेटने हिरा गमावला.’ मला ते पटत नाही. हॅस्किन्सने २०१८मध्ये ४,८३१ यार्ड आणि ५० टचडाउन फेकले. त्याच वर्षी बरोने लुइझियाना स्टेटकडून काय केलं? ३७९ पासांपैकी २१९ पूर्ण, म्हणजे ५७.८ टक्के. २,८९४ यार्ड, १६ टचडाउन, ५ इंटरसेप्शन, रेटिंग १३३.२. त्या डिसेंबरात दोन्ही कागद शेजारी ठेवले असते, तर ओहायो स्टेटच्या प्रशिक्षकांना कोणी नावं ठेवली नसती.

आणि मग पुढचं वर्ष. ५२७ पासांपैकी ४०२ पूर्ण, ७६.३ टक्के. ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, फक्त ६ इंटरसेप्शन, रेटिंग २०२.०. पंधरापैकी पंधरा सामने जिंकले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. टचडाउन सोळावरून साठवर! एका वर्षात माणूस इतका बदलतो का?

माणूस थोडा बदलला, खेळण्याची पद्धत पुष्कळ बदलली. मुख्य प्रशिक्षक एड ओर्जेरॉन यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून जो ब्रेडी नावाचा तिशीही न गाठलेला प्रशिक्षक आणला. आक्रमणाचे समन्वयक स्टीव्ह एन्समिंजरच राहिले, पण पासिंगचा नकाशा ब्रेडीच्या डोक्यातून आला. पूर्वी लुइझियाना स्टेट म्हणजे दाटीवाटीने उभं राहायचं, धावायचं आणि बचावाच्या जोरावर जिंकायचं. आता पाच-पाच रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) मैदानभर पसरवायचे, समोरच्या बचावाला आडवं ताणायचं आणि बरोला मोकळी जागा शोधू द्यायची. रिसीव्हर तरी कसले! जमार चेसने १,७८० यार्ड आणि २० टचडाउन झेलले, जस्टिन जेफरसनने १,५४० यार्ड आणि १८. मागून क्लाइड एडवर्ड्स-हेलेर १,४१४ यार्ड धावला. पुढे बरोचं रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या फळीला त्या वर्षीचा देशातल्या सर्वोत्तम फळीचा जो मूर पुरस्कार मिळाला. पुढच्या एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या निवडीत, या संघातले १४ जण निवडले गेले, त्यातले पाच पहिल्या फेरीत.

मग साठ टचडाउन एकट्या बरोचे कसे? नाहीतच. क्वार्टरबॅकच्या नावावर लागणारा आकडा निम्मा तरी दुसऱ्यांच्या घामाचा असतो. म्हणून मी साठ हा आकडाच बाजूला ठेवतो आणि ते साठ कोणासमोर आले ते बघतो.

त्या हंगामाआधीच्या असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत पहिले चार संघ होते क्लेमसन, अलाबामा, जॉर्जिया आणि ओक्लाहोमा. लुइझियाना स्टेटने त्या एका हंगामात चौघांनाही हरवलं. सामन्याच्या वेळी पहिल्या दहात असलेले सात संघ त्यांच्यासमोर पडले. टेक्ससच्या मैदानावर सहा गुणांची आघाडी, अडीच मिनिटांच्या आसपास वेळ बाकी, थर्ड डाउन (म्हणजे चेंडू स्वतःकडे राखण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि १७ यार्ड हवेत. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक चेंडू पोटाशी धरून घड्याळ पळवतात. यांनी पास टाकला, तोही अंगावर माणसं धावून येत असताना, आणि जेफरसन ६१ यार्ड पळत थेट टचडाउनला. नोव्हेंबरात अलाबामाच्या घरी ४६-४१, ३९पैकी ३१ पास पूर्ण, ३९३ यार्ड. त्याआधी लुइझियाना स्टेट अलाबामाकडून सलग आठ वेळा हरली होती.

पण माझा आवडता सामना ऑबर्नचा, आणि तो आकड्यांत अगदी साधा दिसतो. ३२१ यार्ड, एकच टचडाउन, एक इंटरसेप्शन, निकाल २३-२०. ऑबर्नने पुढे फक्त तीन माणसं ठेवली आणि आठ जण मागे पाठवून लांबच्या सगळ्या वाटा बुजवल्या. मग बरोने काय केलं? हट्ट केला नाही. जवळचे, छोटे, कंटाळवाणे पास टाकत राहिला, ४२पैकी ३२ पूर्ण केले आणि सामना काढला. रेटिंगच्या सूत्राने त्या दिवसाला कमी भाव दिला. मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात शहाणा खेळ तोच होता.

याच्या उलट ओक्लाहोमाविरुद्धचा उपांत्य सामना, ६३-२८. सात टचडाउन पास आणि सातही पहिल्या अर्ध्यात, त्यातले चार एकट्या जेफरसनला! यूट्यूबवर बघायला मजा येते, पण त्यावरून बरोचं मोठेपण मोजू नये. ते मोजायचं तर अंतिम सामन्यावरून. १३ जानेवारी २०२०, न्यू ऑर्लिन्स, समोर सलग २९ सामने जिंकलेलं क्लेमसन. दुसऱ्या क्वार्टरमध्ये १७-७ पिछाडी. क्लेमसनचा बचाव सुरुवातीला त्याला खरोखर गोंधळवत होता, पास इकडेतिकडे जात होते. मग तो सावरला, धावून यार्ड काढले, बरगड्यांवर मार खाल्ला आणि ४९पैकी ३१ पास, ४६३ यार्ड, पाच टचडाउन, सहावं स्वतः पळून. निकाल ४२-२५.

आता कारकिर्दीच्या बेरजांकडे. मला त्यांचं कौतुक आहे, पण त्या मुख्यतः टिकून राहण्याचं माप आहेत. कीनमला गुडघ्याच्या दुखापतीमुळे जादा वर्ष मिळालं. डिलन गॅब्रिएल कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष धरून तीन विद्यापीठांतून सहा हंगाम खेळला आणि १८,७२२ यार्डांवर पोचला. हवाईचा टिमी चँग १७,०७२ यार्डांचा धनी, पण सोबत ८० इंटरसेप्शनही त्याच्याच नावावर. शिवाय २००२पूर्वी बोल सामन्यांतले (हंगामाअखेरच्या खास सामन्यांतले) आकडे अधिकृत नोंदीत धरतच नसत, त्यामुळे टाय डेटमरच्या १५,०३१ यार्डांची आजच्या बेरजांशी तुलना मुळातच वाकडी. एका हंगामाच्या विक्रमांचंही तेच. डेव्हिड क्लिंगलरने १९९०मध्ये ११ सामन्यांत ५४ टचडाउन फेकले, म्हणजे सामन्यामागे बरोपेक्षा जास्त. पण त्यातले ११ एकाच दिवशी, खालच्या विभागातल्या ईस्टर्न वॉशिंग्टनसमोर. (पुढे त्यालाही सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघानेच घेतलं, ज्यांनी २०२०मध्ये बरोला पहिल्या क्रमांकावर घेतलं. क्लिंगलरचं तिथे काही जमलं नाही.)

बरोचा साठचा विक्रम तर दोनच वर्षांत मोडला. वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने २०२१मध्ये ६२ टचडाउन आणि ५,९६७ यार्ड फेकले. आपल्याकडे भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. तो आकडा कोणी पुसू शकत नाही, पण सर्वश्रेष्ठ भारतीय फलंदाज कोण या वादात त्यावरून कोणी त्यांचं नाव पुढे करत नाही, आणि त्यात त्यांचा अपमानही नाही. झॅपीचं मी तसंच मानतो.

एकच आक्षेप मला खरोखर अडचणीचा वाटतो, तो म्हणजे मॅक जोन्स. लगेच पुढच्या वर्षी, २०२०मध्ये, अलाबामाचा हा मुलगा ४०२पैकी ३११ पास पूर्ण करतो, ७७.४ टक्के, ४,५०० यार्ड, ४१ टचडाउन, ४ इंटरसेप्शन. रेटिंग २०३.१, बरोपेक्षा किंचित वर. संघ १३-०, विजेतेपदही. समोरचे संघही काही लेचेपेचे नव्हते. म्हणजे माझीच कसोटी लावली तरी जोन्स बरोबरीला येतो. इथे मी आकडे सोडून डोळ्यांवर भरवसा ठेवतो. जोन्सचे पास बहुतेक वेळा मोकळ्या माणसाकडे जायचे. बरो बंद दार दिसलं की स्वतः हलून नवी खिडकी तयार करायचा, पळत पळत, डोकं वर ठेवून. हे कुठल्याच तक्त्यात नाही, त्यामुळे वाद घालायचा तर घाला.

पण मतदारांचं काय? २०१९च्या हाइझमन ट्रॉफीत, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात, बरोला पहिल्या पसंतीची ८४१ मतं पडली आणि दुसऱ्या आलेल्या जेलन हर्ट्सपेक्षा १,८४६ गुण जास्त मिळाले, इतका मोठा फरक त्याआधी कधीच नव्हता. चेस आणि जेफरसन दोघंही त्याच संघात असून पहिल्या चारांत नव्हते. २०२०च्या मतदारांनी ट्रॉफी जोन्सचे पास झेलणाऱ्या डेव्हॉन्टा स्मिथला दिली. जोन्स तिसरा आला.