घराशेजारी इंटरचेंज येतोय? मग असं वागा

समजा उद्या बातमी आली की सोलापुरात विजापूर रोडला, सैफुलच्या पुढं, तुमच्या कॉलनीला लागून इंटरचेंज, म्हणजे सिग्नलला न थांबता एका रस्त्यावरनं दुसऱ्यावर जायचा पुलांचा गुंता, होणार हाय, तर आधी शांत व्हा आणि काहीही झालं तरी नकाशा बघू नका. नकाशा बघितला की कळायला लागतं आणि कळलं की भांडणातली मजाच जाते. त्यापेक्षा ग्रुपवर येणारा ड्रोनचा व्हिडिओ बघा, तो चेन्नईच्या काठीपारा इथल्या, फुलासारख्या दिसणाऱ्या इंटरचेंजचा असतो पण खाली कुणीतरी 'बदलतंय आपलं सोलापूर' लिहिलेलं असतं, तो लगेच पुढं ढकला. अशा चार पाकळ्या बसवायला जागा किती लागते आणि ती कुणाची जाते असं विचारणारा एखादा नग निघतोच, त्याला निगेटिव्ह म्हणा आणि विषय संपवा. आणि कुणी इंजिनिअर म्हणाला की इथं तीनच रस्ते भेटतात, तुतारीच्या आकाराचा लहान पुरतो, तर मग काय विचारता, अर्धी कॉलनी या पक्षात, अर्धी त्या पक्षात, रस्ता गेला खड्ड्यात.

बाजू कुठली घ्यायची हे अभ्यासावर ठरवायचं नसतं ओ, सातबाऱ्यावर ठरवायचं. हत्तूरकडं तुमचा एन.ए. प्लॉट पडून असेल तर तुम्ही विकासवादी. बेडरूमची खिडकी रॅम्पच्या बाजूला येत असेल तर पर्यावरणवादी. दोन्ही असेल तर सकाळी एक आणि रात्री एक, लोक समजून घेतात. विरोधात असाल तर केगाव-हत्तूर बायपास होऊनसुद्धा अवजड गाड्या शहरात घुसतात, त्याखाली माणसं जातात, हे चुकूनही आठवायचं नाही. बाजूनं असाल तर रात्री दोन वाजता चढावर गिअर टाकणारा ट्रेलर कसा ऐकू येतो ते विसरायचं.

मग मीटिंग. ती मारुतीच्या देवळात घ्या, पण तारीख पाणी येण्याच्या दिवशीच ठेवा. चार-पाच दिवसांनी नळ येतो, त्या दिवशी सोलापूरचा माणूस पाण्याची मोटार सोडून कुठं हलत नाही, त्यामुळं मीटिंगला पाच-सहा रिटायर्ड लोक येतील, ठराव एकमतानं पास होईल आणि नंतर सगळेच म्हणू शकतील की आम्हाला विचारलंच नाही. चुकून गर्दी झालीच तर बोलायला उठल्यावर पहिलं वाक्य 'माझा विकासाला विरोध नाही, पण' हेच ठेवा. दहाव्या मिनिटाला कुणीतरी उजनीच्या पाइपलाइनवर जाईल, जाऊ द्या. भांडण मराठीत सुरू होतं, रंगात आलं की तेलुगू-कन्नडमध्ये शिरतं, आणि ज्याला तिन्ही येतात तो माइक धरून बसतो, तोच पुढच्या इलेक्शनला उभा राहणार हाय हे समजून चला.

आवाजाचा मुद्दा जरूर काढा. कायद्यानं राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, २००० सालचा नियम हाय, ठणकावून सांगा. फक्त सांगताना मागच्या मिरवणुकीचा डीजे कुणाच्या वर्गणीतून आला होता ते डोक्यात आणू नका. डिझाईनवाल्या साहेबांनाही फार त्रास देऊ नका. उसाचा सीझन लागल्यावर दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही, टेप फुल्ल, चढावर पुढची चाकं हवेत, तो तुमच्या त्या गोल रॅम्पवरनं कसा चढणार आणि त्याच्या मागं अॅम्ब्युलन्स असली तर काय, असले खेडवळ प्रश्न साहेबांना विचारायचे नसतात. सर्व्हिस रोड, शाळेच्या पोरांसाठी भुयारी रस्ता, त्या भुयारात साठणारं पाणी काढायला गटार, ह्या तर अगदीच किरकोळ मागण्या, त्यात फोटो काय येणार? मागायचंच असेल तर प्रकल्प रद्द करा किंवा दुप्पट मोठा करा, अध्येमध्ये काही नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज करू नका. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा, त्यात जमीन घ्यायची अधिसूचना राजपत्रात निघते, दोन पेपरात छापून येते, त्यातला एक स्थानिक भाषेतला असतो, आणि त्या दिवसापासून २१ दिवसांत ज्याची जमीन जाते त्यानं लेखी हरकत द्यायची असते, मग सुनावणी होते. गट नंबरांचा तो बारीक टायपातला रकाना दिसला की त्यावर शेंगाचटणी पुडीत बांधा आणि भाचीच्या डब्यात द्या. २१ दिवस ग्रुपवर भांडा. २२ व्या दिवशी मोर्चा काढा, सात रस्त्यावरनं, उन्हात, कलेक्टर ऑफिसपर्यंत, निवेदन द्या, फोटो काढा. पुढची अधिसूचना निघाली की जमीन सरकारची झाली, मग फक्त मोबदला किती यावरच बोलता येतं, आणि ते बोलणं वर्षानुवर्षं पुरतं. कुणी म्हणालं पर्यावरणाची जनसुनावणी होईलच की, तर माना डोलवा. नुसत्या इंटरचेंजला ती लागतेच असं नाही, पण वाट बघायला काय पैसे पडतात?

१० रुपयांत माहितीचा अधिकार वापरून आराखडा मागता येतो म्हणे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोडा ओ. १० रुपयांत चहा येतो.

आणि घाई तर अजिबात नको. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडायची का ठेवायची यावर आपण किती वर्षं भांडलो, चिमणी पडली १५ जून २०२३ ला आणि होटगी रोडच्या विमानतळावरनं गोव्याचं विमान उडालं २०२५ मध्ये. तेवढ्या वेळात पोरगं बारावी होऊन पुण्याला कामाला लागतं, त्याला मग विजापूर रोडचं काय घेणंदेणं.

एवढं सगळं करूनही इंटरचेंज झालाच, तर तुमच्या कॉलनीला यू-टर्न लांब पडणार, ते शंभर टक्के. उलट्या बाजूनं जायचं, हेल्मेट डिकीत, हात वर करून समोरच्यालाच 'दिसत नाही का बे' म्हणायचं. आठ दिवसांत कंटाळा येईल, मग रात्री एक पहार घेऊन दुभाजक फोडून टू-व्हीलरपुरता कट करून टाका. पण कुठं फोडायचा यावर मात्र मीटिंग घेऊ नका, नाहीतर तो पण शेजारच्या कॉलनीसमोरच फुटेल.